मोरचुदाचे आडनाव

तासगावला आमचे काष्टौषधींचे दुकान होते. गल्ल्यामागच्या भिंतीला सागवानी कपाट, त्यात चौऱ्याऐंशी खण, आणि एकाही खणावर चिठ्ठी नाही. कुठल्या खणात काय आहे, ते अण्णांच्या हाताला ठाऊक होते. गिऱ्हाइकाने नाव घेतले की मान न वळवता त्यांचा हात मागे जाई. वरच्या ओळींत हिरडा, बेहडा, सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध. खालच्या दोन ओळींत खनिजे आणि क्षार : मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, सोरा, टाकणखार, हरताळ, मनशीळ, मुर्दाडशिंग, शेंदूर. बाराखडीच्या आधी मी ही नावे शिकले.

त्या नावांत बघणाऱ्याचा डोळा होता. मोरचूद म्हणजे मोराच्या मानेचा रंग. संस्कृतात त्याला मयूरतुत्थ म्हणत, शिखिग्रीव असेही म्हणत. रसकापूर दिसायला कापरासारखा पांढरा, पण कापराशी त्याचे काही नाते नाही. ते पाऱ्याचे क्लोराइड, जहाल विष. म्हणून त्या एकाच खणाला कुलूप असे. हिराकस आणि हिरडा एकत्र उकळून अण्णा काळी शाई करत आणि खतावणी त्याच शाईने लिहीत. वरच्या ओळीतली वनस्पती आणि खालच्या ओळीतले खनिज एकमेकांत मिसळले की काळेभोर काहीतरी तयार होते, एवढे मला दिसत होते. का होते, ते दुकानात कुणाला विचारायचे नसते.

१९७६ साली अकरावीला मी सांगलीला गेले. तोवर सगळे शिक्षण मराठीत झालेले, आणि आता विज्ञान एकदम इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात दोन फळे भरून नावे लिहिली गेली : सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड. नायट्रेट, नायट्राइट. क्लोराइड, हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट. "पाठ करा," एवढीच सूचना. मी पाढ्यांसारखी पाठ केली. फेरस म्हणजे दोन आणि फेरिक म्हणजे तीन, पण क्युप्रस म्हणजे एक आणि क्युप्रिक म्हणजे दोन. एकच शेपूट एका धातूला दोन सांगते आणि दुसऱ्याला तीन, हे कसे, यावर वर्गात कुणी काही बोलले नाही.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला. कॉपर सल्फेटची बाटली समोर ठेवली गेली. झाकण उघडले आणि आत आमच्या खालच्या ओळीतला तिसरा खण. मोरचूदच! शेजारच्या बाटलीवर फेरस सल्फेट, आत फिकट हिरवा हिराकस. तिसऱ्या बाटलीवर लांबलचक नाव, पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, आणि आत तुरटी. निळे, हिरवे, पांढरे. एक फवारणीचे, एक शाईचे, एक दाढीनंतर गालावर फिरवायचे. दुकानात या तिघांना कुणी एका वाक्यात घेतले नसते. इथे तिघांचे आडनाव एक होते.

शनिवारी एसटीने घरी गेल्यावर मी अण्णांना हे सांगितले. ते वजनकाटा पुसत होते. म्हणाले, "म्हणजे भाऊबंद म्हणायचे तिघं." थोड्या वेळाने विचारले, "पण ही नावं ठेवली कुणी?"

मला सांगता आले नाही. पुढे चौतीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवले, आणि या एका प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे शोधत राहिले.

मराठीत 'नावे ठेवणे' याचे दोन अर्थ होतात. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या एका वकिलाने दोन्ही अर्थांनी ते काम केले. त्यांचे नाव लुई-बेर्नार गितों द मोर्वो. बर्गंडी प्रांताच्या न्यायसभेत ते सरकारी वकील होते, आणि रसायनशास्त्र हा त्यांचा खरा जीव. १७७३ साली दिजाँच्या चर्चच्या तळघरातल्या प्रेतांची दुर्गंधी इतकी पसरली की लोकांना आत पाऊल टाकवेना. तेव्हा गितोंनी मिठावर गंधकाम्ल ओतून निघणाऱ्या वाफेने ती जागा शुद्ध केली. पुढे ते गावातल्या लोकांसाठी रसायनशास्त्राची जाहीर व्याख्याने देऊ लागले. एका मोठ्या विश्वकोशासाठी रसायनशास्त्राचा खंड लिहिण्याचे काम अंगावर घेतल्यावर त्यांना जाणवले की या विद्येत एकच पदार्थ पाच नावांनी फिरतो, आणि पाच वेगळे पदार्थ एका नावाखाली दडलेले असतात.

तेव्हाची युरोपातली नावे आमच्या खणांतल्या नावांहून फार वेगळी नव्हती. मोरचुदाला निळे व्हिट्रिऑल म्हणत, हिराकसाला हिरवे व्हिट्रिऑल. म्हणजे या दोघांचे भाऊबंद असणे त्यांना आधीच जाणवले होते, हे मान्य करायला हवे. पण बाकी सगळा गोंधळ. ग्लाउबर नावाच्या माणसाने काढलेले ते ग्लाउबरचे मीठ, एप्सम गावच्या झऱ्यातले ते एप्समचे मीठ. अँटिमनीचे लोणी, जस्ताची फुले, गंधकाचे यकृत. पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी पुढे या नावांवर कडक टीका केली. खनिजांत ना लोणी असते, ना तेल, ना फुले. आणि अशी गोड नावे मिरवणाऱ्या पदार्थांतले काही तर भयंकर विष असतात. हे वाचताना मला आमचा रसकापराचा कुलूपबंद खण आठवला.

१७८२ साली गितोंनी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातली तत्त्वे मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मराठीत सांगत असे. नाव म्हणजे वर्णनाचे लांब वाक्य नव्हे. नावातून पदार्थाचे घटक कळावेत. घटक नक्की ठाऊक नसतील तर चुकीचा अर्थ सांगणाऱ्या नावापेक्षा काहीच न सांगणारे नाव बरे. नवे शब्द ग्रीक-लॅटिनसारख्या, कुणाच्या रोजच्या बोलण्यात नसलेल्या भाषांतून घ्यावेत. आणि शब्द आपल्या भाषेच्या वळणात बसावा. तिसरे तत्त्व मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्ञान संपते तिथे नावाने गप्प राहावे, हे वैज्ञानिकाने म्हणणे सोपे नसते.

त्या वेळी गितों फ्लॉजिस्टॉन मानणाऱ्यांपैकी होते. जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टॉन नावाचे तत्त्व बाहेर पडते, अशी ही समजूत. १७८७ च्या सुरुवातीला ते पॅरिसला आले. तिथे लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्रवा यांच्याबरोबरच्या चर्चेत त्यांचे मत बदलले. जळताना काही बाहेर पडत नाही, हवेतला एक वायू आत शिरतो, हे त्यांना पटले. पन्नाशीला आलेल्या नामवंत माणसाने इतक्या वर्षांचे मत सोडले आणि त्याच मित्रांबरोबर बसून नव्या मताची भाषा घडवली. इतिहासात लाव्हाझिएंचे नाव मोठे आहे आणि ते असावेच. पण या कामाची पहिली कुदळ दिजाँच्या वकिलाने मारली होती, हे मी वर्गात सांगायचे कधी सोडले नाही.

१८ एप्रिल १७८७ रोजी लाव्हाझिएंनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आपले निवेदन वाचले, २ मे रोजी गितोंनी. त्याच वर्षी चौघांच्या नावाने पुस्तक निघाले. त्यात एक मोठा घडीचा तक्ता होता. पहिल्या स्तंभात तेव्हा साधे मानलेले पंचावन्न पदार्थ, आणि पुढच्या स्तंभांत त्यांच्यापासून होणारी संयुगे. शिवाय एक कोशही होता, जुने नाव काढा आणि समोर नवे बघा. ज्यांना आयुष्यभर व्हिट्रिऑलच म्हणायची सवय त्यांची ही सोय मला फार माणुसकीची वाटते.

आणि शेपट्या? अकरावीतल्या त्या फळ्यांवर लिहिलेल्या शेपट्या. गंधकापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन जास्त असेल तर नावाचा शेवट एक, कमी असेल तर दुसरा. जास्तीवाल्या आम्लाचा क्षार तो सल्फेट, कमीवाल्याचा सल्फाइट. आणि ऑक्सिजनच नसेल, नुसता गंधक आणि धातू, तर तिसरा शेवट, ज्याला आपण आज सल्फाइड म्हणतो. म्हणजे फेट आणि फाइट यांतला स्वराचा फरक हा ऑक्सिजन कमी की जास्त हे सांगतो. ज्या दिवशी मला हे कळले त्या दिवशी अकरावीतले दोन फळे माझ्या डोक्यातून कायमचे पुसले गेले, कारण आता ते पाठ करायची गरजच उरली नाही. फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिकचे कोडेही तसेच सुटले. त्या शेपट्या आकडा सांगतच नाहीत, फक्त दोघांत कमी कोण आणि जास्त कोण ते सांगतात. आकडा हवा तर कंसात रोमन अंक लिहावा, ही आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची सूचना १९१९ ची. आयर्न तीन, कॉपर दोन. चार वाक्यांचे उत्तर. ते मला कुणी अकरावीत सांगितले असते तर!

पण याच चौघांनी एक मोठी चूक केली, आणि ती आजही आपल्या तोंडी आहे. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी लाव्हाझिएंची खात्री होती. मिठापासून निघणाऱ्या आम्लातही तो असलाच पाहिजे, असे गृहीत धरले गेले. तो कुणाला सापडेना. १८१० मध्ये लंडनच्या हंफ्री डेव्हींनी सांगितले की त्या आम्लात ऑक्सिजन नाहीच. त्यापासून निघणारा पिवळट हिरवा वायू हे स्वतःच एक मूलद्रव्य आहे. मग डेव्हींनी त्याला नाव दिले ते फक्त रंगावरून, ग्रीक भाषेतल्या फिकट हिरव्याचे : क्लोरीन. कुठलाही सिद्धान्त त्या नावात त्यांनी शिरू दिला नाही. म्हणजे गितोंचे तिसरे तत्त्व गितोंच्याच मंडळींकडून मोडले गेले आणि डेव्हींनी पाळले. आणि गंमत अशी की ते नाव अगदी मोरचुदाच्या जातीचे निघाले, डोळ्याला दिसले ते सांगणारे.

इथे मला आपल्या भाषेचे काही सांगायचे आहे. युरोपातली ही नावे आपल्याकडे आली तेव्हा बंगालीत ऑक्सिजनला अम्लजान म्हटले गेले. जर्मनांनीही आपल्या भाषेत आंबट द्रव्य असेच भाषांतर केले होते. म्हणजे लाव्हाझिएंची चूक या भाषांतही उतरली. मराठीने त्याला प्राणवायू म्हटले. जो घेतल्याशिवाय जगता येत नाही तो. त्या नावात चूक नाही. ज्यांनी कुणी हा शब्द पहिल्यांदा लिहिला असेल, त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

जुन्या मराठी रसायनग्रंथांत याच शब्दावरून एक पूर्ण व्यवस्था उभी केलेली आढळते. प्राणवायूशी संयोग झाला की प्राणिद, हर म्हणजे क्लोरीनशी झाला की हरिद, गंधकाम्लाचा क्षार तो गंधकित. 'इद' आणि 'इत', एका व्यंजनाचा फरक. पॅरिसच्या चौघांनी जे स्वराने केले ते आपल्या माणसांनी व्यंजनाने केले. पुढे डॉ. रघुवीरांनी काही वर्षे नागपुरात राहून संस्कृत धातूंवरून हजारो शब्द घडवले. त्यांच्या कोशात ऑक्सिजन जारक झाला आणि नायट्रोजन भूयाति. १९६१ साली केंद्र सरकारने वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. त्याने ठरवलेले तत्त्व असे की मूलद्रव्यांची आणि संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवावीत, फक्त आपल्या लिपीत लिहावीत. त्यामुळे शाळेच्या पुस्तकांत ऑक्साइड आणि सल्फेट राहिले.

हा निर्णय मला पटतो. संयुगांची नावे सगळ्यांनी मिळून पाळायचा करार असतात. करार एकट्याने वेगळा केला तर बाटलीवरची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येत नाही. पण प्राणिद हा शब्द तासगावच्या मुलीला न सांगता कळला असता, आणि ऑक्साइड तिला पाठ करावा लागतो, हेही तितकेच खरे. म्हणून मी वर्गात आधी प्राणिद, हरिद, गंधकित लिहून घेत असे. दोन दिवस मुले त्या शब्दांनी नावे पाडत. तिसऱ्या दिवशी मी शेजारी इंग्रजी शेपट्या लिहीत असे. मग कुणी अडखळत नसे. 'अभ्यासक्रमात नाही ते कशाला,' असे मला वरून विचारलेही गेले. मी शिकवणे थांबवले नाही.

शाळेतून गेलेले शब्द शेतात मात्र टिकले. आमच्या भागातला कोणताही द्राक्षबागायतदार खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ वाचून नत्र, स्फुरद, पालाश म्हणतो. फॉस्फरस न म्हणता स्फुरद म्हणतो. माझ्या वर्गात बागायतदारांची मुले असत. आवर्तसारणीतला पंधरावा रकाना आला की मी विचारत असे, "तुमच्या बागेला नत्र आणि स्फुरद किती दिले?" वरचे दोन चौकोन त्यांच्या तोंडून बाहेर पडत.

सेंद्रिय संयुगांची गोष्ट वेगळी. तिथे शंभर वर्षे पुन्हा जुनाच कारभार चालला : जिथे सापडले तिथले नाव. मुंग्यांपासून काढलेले आम्ल फॉर्मिक, कारण लॅटिनमध्ये मुंगीला फॉर्मिका म्हणतात. शिरक्यातले अ‍ॅसिटिक, सफरचंदातले मॅलिक, लोण्यातले ब्युटिरिक. शेळीच्या दुधाच्या लोण्यात सापडलेली तीन आम्ले, तिघांच्याही नावात लॅटिन शेळी. एकोणिसाव्या शतकात कार्बनची संयुगे इतकी वाढली की शेळ्या आणि मुंग्या पुरेनात. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ हॉफमानांनी १८६६ मध्ये सुचवले की हायड्रोकार्बनच्या नावांत स्वर ओळीने वापरावेत. हायड्रोजन कमी होत जाईल तसतसा ए, ई, आय, ओ, यू. आपण आज शिकतो ते एन, ईन आणि आइन हे त्यातले पहिले तीन.

१८९२ च्या ईस्टरला जिनिव्हात नऊ देशांतले चौतीस रसायनशास्त्रज्ञ जमले. अध्यक्ष शार्ल फ्रिडेल. बायर होते, कानिझारो होते, एमिल फिशर होते. त्यांनी बासष्ट ठराव केले. कार्बनची सर्वांत लांब साखळी शोधा, तिच्यावरून मूळ नाव घ्या, कार्बनांना क्रमांक द्या, अल्कोहोल असेल तर ऑल, अल्डिहाइड असेल तर अल. आजही बारावीच्या मुलीला हाच क्रम पाळावा लागतो. काही मोजक्या लोकांनी काही दिवस बसून ठरवले आणि एकशे तीस वर्षांनंतर तासगावजवळच्या मणेराजुरीची मुलगी तोच नियम लावून कधी न पाहिलेल्या पदार्थाचे नाव लिहिते. आणि ते नाव टोकियोत कुणी वाचले तर त्याच पदार्थाची आकृती काढतो. वर्गात हे सांगताना दरवेळी माझा आवाज भरून येई.

नियम पुढेही बदलत राहिले. १९१९ मध्ये रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९३० मध्ये लीएजला नियमांची नवी मांडणी झाली, नंतर निळ्या कव्हरची पुस्तके आली. मी शिकवायला लागले तेव्हा २-ब्यूटीन लिहीत असू. १९९३ च्या शिफारशींनंतर आकडा आत सरकला, ब्यूट-२-ईन. मी माझ्या वहीतली सगळी नावे बसून दुरुस्त केली. आणि २०१३ च्या शिफारशींत एक गोष्ट वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. पसंतीचे नाव म्हणून त्यांनी एथेनॉइक नाही, अ‍ॅसिटिकच ठेवले. मिथेनॉइक नाही, फॉर्मिकच. शिरका राहिला, मुंगी राहिली. तोवर कितीतरी मुलांच्या पेपरांत मी अ‍ॅसिटिकपुढे पाव गुण कापला होता. त्या मुलांना आता सांगायला कुठे जाणार?

अण्णा १९९८ मध्ये गेले. दुकान आता माझा पुतण्या चालवतो. कपाट तेच, पण खणांवर चिठ्ठ्या आल्या आहेत. मोरचूद मात्र पोत्यातून विकतो, कारण द्राक्षबागांना फवारणीसाठी बोर्डो मिश्रण लागते : शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. गेल्या चैत्रात मी दुकानात बसले होते, तेव्हा त्याच्या आठवीतल्या मुलीने पोत्यावरची अक्षरे लावून वाचली, कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट, आणि विचारले, "आजी, पेंटाहायड्रेट म्हणजे?"

मी तिला पाटी आणायला सांगितली नाही. मागच्या खोलीत अण्णांची जुनी लोखंडी पळी होती. तिच्यात चार खडे घातले आणि दार-खिडक्या उघडून मंद आचेवर धरली. निळा रंग कडेने फिका होऊ लागला, वाफ निघाली, आणि बघता बघता मोराची मान पांढरी भुकटी झाली. गॅस बंद करून पळी गार होऊ दिली. मग तिच्या हातात पाण्याचा ड्रॉपर दिला.

तिने एक थेंब टाकला. पुन्हा निळे.

"म्हणजे निळा रंग पाण्यामुळे आहे?" ती म्हणाली.

"हो. पाण्याचे पाच रेणू. नावात लिहिलेत बघ."

तिने पळीकडे पाहिले, मग बाहेर जाऊन पोते पुन्हा वाचले. परत येऊन दुसरा थेंब टाकला.